विहिणीची अक्षत

१२ जानेवारी, रविवार

हॉल मिळाला! रहमानने आत्ताच क्लबहाउसच्या ऑफिसातून फोन करून पक्कं केलं — वीस आणि बावीस फेब्रुवारी, दोन्ही संध्याकाळी आपल्या. "खलास मॅडम, आपका नाम डाल दिया." मी फोनवरच किंचाळले. सदानंद बाथरूममधून ओरडला, "काय झालं? कुठे लीक?" रास लफानच्या गॅस प्लांटवर सेफ्टीत नोकरी करून करून माझ्या नवऱ्याला आनंदाची आरोळी ओळखू येईनाशी झालीय.

तर कौशिकचं लग्न इथेच कतारमध्ये, अल खोरला! सदानंदचा हा भाचा, दोहात आयटीमध्ये, दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला. आणि मुलगी भिंतीपलीकडची — बबीता रामलोगन, प्लांटवर प्रोसेस इंजिनिअर. माझ्याच टेबलावर, माझ्याच थालीपिठांवर जमलं हे सगळं. श्रेय मी घेणार! कागदी लग्न दोघं जॉर्जिया देशात जाऊन उरकून आले, इथले बरेच जण तसंच करतात. आता राहिले विधी. रमजानच्या आत करायचे.

१३ जानेवारी, सोमवार

मीनावन्संचा नाशिकहून फोन. कौशिकची आई, माझी नणंद. "वहिनी, एका लग्नाला दोन संध्याकाळी कशाला?"

सांगितलं — शनिवारी लग्न, गुरुवारी माटीकोर. बबीता त्रिनिदादची, त्यांच्याकडे लग्नाआधी बायका ताशा वाजवत, नाचत निघतात. वधूची आई पूजा करून जमीन उकरते, ती माती मांडवात आणतात, तिच्यावर लग्न लागतं. पुरुषांना बंदी. गाणी वाह्यात.

वन्सं हळूच — "वाह्यात म्हणजे किती?"

"तुम्ही या तर!"

"मी वीसच्या आत येते," म्हणाल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. घर बायकांनी भरलेलं. बबीता साडीत! ईश्वरीने नेसवली, यूट्यूब बघून. माझी लेक — मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

मंडळातल्या एकीने विचारलंच, "मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"न्यूयॉर्क."

"नाही, पण मूळ?"

"जन्म त्रिनिदादचा."

"अहो नाही, मूळ मूळ!"

बबीताने तिळगूळ तोंडात टाकला. "माझी कुणीतरी खापरपणजी कलकत्त्याला बोटीत चढली, उसाच्या मळ्यात राबायला. त्याच्या मागचं तुम्ही शोधा. सापडलं तर मलाही कळवा." खोखो हसल्या सगळ्या. विचारणारीसुद्धा.

नंतर स्वयंपाकघरात पेले पुसायला लागली तेव्हा बोलली. न्यूयॉर्कला शाळेतल्या भारतीय मुली तिला 'खोटी इंडियन' म्हणायच्या. कॉलेजात असताना एकदाच त्रिनिदादला जाऊन आली, तर तिथली भावंडं म्हणाली, यांकी आली. इथे ऑफिसात ती 'द अमेरिकन', कारण पासपोर्ट तो.

"आणि अमेरिकेत?"

"तिथे मी कॅरिबियन. पण दिसत नाही ना तशी! मग समोरच्याला आधी नकाशा काढून दाखवायचा, मग हॅलो म्हणायचं."

हे सगळं हसत हसत. "मामी, मला निवडायचं नाहीये. मला माटीकोर हवं, कौशिकबरोबर फर्स्ट डान्स हवा, आणि तुमचा तो मधे धरायचा पडदा — तोही हवा."

मामी हा शब्द तिला शिकवावा लागला नाही. त्यांच्याकडेही मामीच.

ईश्वरी दारात उभी होती. "आय गेट हर, मॉम. नाशिकमध्ये मी दोहावाली, इथे मी इंडियन." आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं. महिन्याभरातलं तिचं सगळ्यात मोठं वाक्य!

२४ जानेवारी, शुक्रवार

बबीताकडे ताशा आहे! मातीच्या भांड्यावर बकऱ्याचं कातडं, टॉवेलात गुंडाळून कपाटात. ते 'टासा' म्हणतात. मी म्हटलं, आण इकडे. नाशिकला कॉलेजात असताना मी पथकात ताशा वाजवायचे. सदानंद बघतच राहिला. "तू? ताशा?" लग्नाला इतकी वर्षं झाली, विषयच निघाला नव्हता.

"तू कुठे शिकलीस?" बबीताला विचारलं.

"न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये, एका टायरच्या दुकानामागे. आईला सांगायचे, गणिताच्या ट्यूशनला चाललेय." वडील ती लहान असतानाच गेले. आई, रुक्मिन, तिला कडेवर घेऊन त्रिनिदादहून निघाली ती पुन्हा गेली नाही. घरात तिथली बोली नाही, गाणी नाहीत. "त्रिनिदाद मी न्यूयॉर्कमध्ये शिकले, मामी. चोरून."

पण वाजवण्याआधी कातडं तापवावं लागतं. जाळावर. तापलं नाही तर नुसतं भदभद.

सदानंद उठून उभा! "उघडी ज्योत? घराच्या आवारात? परमिट?"

"मामा, हा प्लांट नाहीये," कौशिक.

"वारा कुठून आहे?"

शेवटी बार्बेक्यूच्या शेगडीत निखारे. एका बाजूला पाण्याचा पाइप, दुसऱ्या बाजूला सदानंद, हातात एक्स्टिंग्विशर. धूर बघून समोरची हजरा आली. हैदराबादची, तोंडाने फटकळ. "कबाब हैं क्या? नहीं? तो ये क्या भून रहे?" तिच्या हातात झांजा दिल्या. गेलीच नाही परत.

आणि मग बबीताने काठ्या उचलल्या.

काय सांगू! ठिणग्या उडाव्यात तसा आवाज. आमचा ताशा असा नाही, पण त्याचाच कुणी दूरचा भाऊ. दोन आवर्तनं ऐकली आणि मला राहवेना. हात विसरला नव्हता! तिने चाल बदलली, मी पकडली. मी बदलली, तिने पकडली. सिक्युरिटीची गाडी आली. गार्ड म्हणाला, "सर, आवाज —" सदानंद एक्स्टिंग्विशर सावरत, "अंडर कंट्रोल, अंडर कंट्रोल." गार्डही थांबला मग ऐकत.

२५ जानेवारी, शनिवार

मनगट सुजलंय. खिचडी सदानंदने केली. करपली. सेफ्टी!

३१ जानेवारी, शुक्रवार

रुक्मिन येणार नाही.

बबीता जेवायला बसली आणि ताटाकडे बघत तिने सांगितलं. आई न्यूयॉर्कला आल्यापासून एकच काम करतेय — म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी राहून त्यांचं सगळं करायचं. तिच्या मनात कधीपासून एकच चित्र : क्वीन्समधला हॉल, पांढरा झगा, सोबत काम करणाऱ्या सगळ्या बायका पहिल्या रांगेत. "तुला अमेरिकन करायला मी लोकांची अंथरुणं बदलली," म्हणाली. "वाळवंटात जाऊन माती उकरायला नाही." आणि फोन ठेवला.

कौशिक म्हणाला, "मग न्यूयॉर्कलाही पार्टी करू ना."

"पार्टीचा प्रश्न नाहीये, कौशिक."

खरा प्रश्न कळला त्याला. उशिरा, पण कळला. उठून तिच्या ताटात भात वाढला.

३ फेब्रुवारी, सोमवार

बबीता म्हणते, माटीकोर रद्द करू. माती वधूच्या आईनेच उकरायची. आई हयात असताना दुसरीच्या हातात फावडं द्यायचं, हे तिला जमणार नाही.

हजरा म्हणाली, "मैं बन जाती हूँ अम्मा! दो थप्पड़ भी लगा दूँगी, असली लगेगा." बबीता हसली. पण मान हलवलीच.

रहमान म्हणाला, रद्द करायचं तर तेरा तारखेपर्यंत सांगा. म्हणजे डेडलाइन आली. पेपरच्या डेस्कवर आयुष्य गेलं माझं, डेडलाइन असली की मला उलट हुशारी येते.

५ फेब्रुवारी, बुधवार

अरे देवा. अरे देवा!

मीनावन्संचा फोन. "वहिनी, विहीणबाईंना अक्षत दिलीत तेव्हा कशा बोलल्या हो त्या?"

"कुणी दिली?"

"तुम्ही ना?"

"मी का देऊ? वरमाय तुम्ही!"

"अहो मला इंग्रजी येतं का? मला वाटलं, तुम्ही तिकडे आहात, तुम्ही पेपरात होतात, तुम्हीच..."

म्हणजे कुणीच नाही!

आम्ही मुलीच्या आईला व्हॉट्सअ‍ॅपवर कार्ड पाठवलं! कौशिकने बनवलेलं. त्यावर उंट! "अहो, इथे सोसायटीच्या वॉचमनच्याही हातावर अक्षत ठेवलीय मी," वन्सं रडकुंडीला आल्या. लग्न ठरून चार महिने झाले आणि आमच्या घरातलं एकही माणूस त्या बाईशी एक शब्द बोललेलं नाही. का? तर ती अमेरिकेत राहते. तिला कसलं आलंय मानपान — असं आपलं धरून चाललो. मी तिच्याबद्दल इतकं ऐकलं, लिहिलं, आणि तिला फोन करायचं सुचलं नाही!

लग्नात विहीण रुसते तेव्हा सगळं वऱ्हाड धावतं. आम्ही तर तिला रुसायलाही जागा ठेवली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज केला फोन. बबीताला न सांगता. दुपारी चार, तिकडे सकाळ.

पैठणी नेसले. ताटात हळदकुंकू, नारळ, अक्षत. ईश्वरीने वन्संना त्याच व्हिडिओ कॉलवर जोडलं. वन्संच्या डोक्यावर पदर, समोर तसंच ताट. ईश्वरी कुजबुजली, "धिस इज सो एक्स्ट्रा." पण खोलीतून हलली नाही.

रुक्मिनने उचलला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी, गळ्यात ओळखपत्र, मागे गॅसवर काहीतरी शिजतंय.

"मी विभावरी. कौशिकची मामी. आणि या त्याच्या आई."

"अच्छा! म्हणजे मुलाला माणसं आहेत तर."

"चुकलं आमचं," म्हटलं.

"माझी मुलगी अमेरिकन आहे. तुम्ही लोक तिला मागे कुठे ओढताय, ते मला दिसतंय."

"आम्ही नाही हो, तीच आम्हाला ओढतेय. मला या वयात ताशा वाजवायला लावलाय!"

"टासा?" तिचा आवाज बदलला. "ती वाजवते? कुठे शिकली?"

जीभ चावली मी. "...ट्यूशनला."

तिने डोळे बारीक केले. "वाटलंच होतं. गणिताने बोटांना फोड येत नाहीत."

पण मग सुनावलंही. न्यूयॉर्कला आल्यावर ती एका देवळात गेली होती. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं — बोटीवरून गेलेले तुम्ही, तुम्हाला जात तरी उरलीय का? "मी उठले आणि बाहेर आले. ठरवलं, माझ्या मुलीला हे कुणी विचारायचं नाही. ती अमेरिकन होणार. बस्स. तुमच्यासारख्याच साडीतली होती ती बाई."

मी ऐकून घेतलं.

वन्संना शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. त्यांनी एकदम ताट कॅमेऱ्यापुढे धरलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्या कौशिकचं लग्न आहे हो. तुम्ही घरच्या. अगत्याने यायचं." आणि चिमूटभर अक्षत सरळ मोबाइलवर टाकली. टपटप.

रुक्मिन स्क्रीनजवळ वाकली. "ते... हरदीत घोळवलेत? कच्चे तांदूळ?"

"हो, हळदीतच. आमच्यात याशिवाय आमंत्रण होत नाही."

"माझ्या लग्नात न्हावी घरोघर वाटत फिरला होता. हरदीचे तांदूळ. पेनालला — आमचं गाव. मला वाटलं होतं, आता कुणालाच हे..."

मागे घंटी वाजली. "म्हातारी उठली माझी," म्हणाली. बंद.

हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही! वन्संनी तीनदा विचारलं, "येतील का हो?" ईश्वरी जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली — मराठीत! — "येतील."

८ फेब्रुवारी, शनिवार

फोन नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

स्पोर्ट डेची सुट्टी. कॉलनीतली सगळी चालायला बाहेर. आमचं ठरलं नव्हतं काही — बबीताने गळ्यात ताशा अडकवला, मी नाशिकहून मागवलेला माझा, हजरा झांजांसकट. यल्ला, चला! सगळा रस्ता आमच्यामागे. फिलिपिनो, इजिप्शियन, केरळच्या बायका. एक लेबनीज आजी तर आमच्यापुढे जाऊन नाचली! मी घामाघूम. असं काही मी शेवटचं कधी केलं, आठवत नाही.

कोपऱ्यावरच्या घरातला माणूस कौतुकाने म्हणाला, "ग्रेट! इंडियन ड्रम्स?"

बबीता म्हणाली, "त्रिनिदाद." दोन पावलं पुढे गेली, वळली, "बाय वे ऑफ न्यूयॉर्क!"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रहमानचा फोन — ठेवायचं की सोडायचं? मी म्हटलं, ठेव. कुणालाही न विचारता.

मग बबीताला सगळं सांगितलं. उंटाचं कार्ड, अक्षत, देऊळ, ट्यूशनची चहाडीसुद्धा. देवळातली गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. आईने कधी सांगितली नव्हती. ती पायरीवर बसली.

"मामी, आणि ती आली नाही तर?"

"तर ताशा वाजवू, नाचू, जेवू. माती उकरायची नाही. तुझ्या आईचं ते तिच्यासाठी राहील."

"डील," म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तरी मातीची सोय हवीच ना, आली तर? इथे दारात नुसती वाळू. मी मुऐदरला जाऊन नर्सरीतून छान काळीभोर मातीची गोणी आणली. फार खूश होते स्वतःवर. ईश्वरीने गोणी फिरवून वाचलं, "मॉम. प्रॉडक्ट ऑफ नेदरलँड्स."

बबीता हसून हसून जमिनीवर. "डच! आता तेवढंच राहिलं होतं माझ्यात!"

मग सगळे गाडी घेऊन गावाबाहेर गेलो. जमीन कातळासारखी. कौशिकने फावडं मारलं, दांडा निघाला. सदानंद म्हणाला, "खोदकामालाही परमिट लागतं, सांगून ठेवतो."

१६ फेब्रुवारी, रविवार

रुक्मिनचा फोन दोन दिवस बंद. बबीताने त्या म्हातारीच्या मुलीला गाठलं. ती म्हणाली, रुक्मिन रजा घेऊन गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुठे ते सांगितलं नाही. दोहाचं म्हणाली असती तर मला कळलं असतं, म्हणाली.

बबीता ऑफिसला गेली नाही. ताशाला हात लावला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वन्सं आल्या. पापड, पुरणयंत्र, सगळं घेऊन. दारातच विचारलं, "आल्या का?"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली! त्रिनिदादला, पेनालला आहे! तिथल्या नातेवाइकाने आत्ता व्हिडिओ कॉल लावून दाखवली — अंगात न्यूयॉर्कचं जाड जॅकेट, पाय अनवाणी, आपल्या आईच्या घरामागे वाकून जमीन उकरतेय. बबीता नुसती 'ममा, ममा' करतेय. रुक्मिन म्हणाली, उकरायची तर इथलीच. उद्या निघतेय, गुरुवारी दुपारी दोहाला उतरेन.

सदानंद मधे घुसलाच — विमानातून माती आणू देत नाहीत, कस्टम्सवाले काढून घेतील. मी तिला तसं सांगितलं.

तिने दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले. "घेऊ देत. नखांतली कशी काढतात, तेच बघते."